आतली फाइल

तातोबा सातपुते त्या गुरुवारी कृत्रिम पायांच्या केंद्रात आले ते पाय काखोटीला मारूनच. एका बगलेत कुबडी आणि दुसऱ्या बगलेत कंपनीने फुकट दिलेला, मोटारीवर चालणारा राखाडी पाय. पायात चप्पल तशीच होती. तो पाय त्यांनी केंद्रातली तंत्रज्ञ रेहाना मुजावर हिच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवला, खुर्चीत बसले आणि उपरण्याने घाम पुसला.

"घ्या तुमचा पाय," ते म्हणाले. "ह्यो माझा न्हवं."

एरवी रेहानाला हसू आलं असतं. पण समोरच्या स्क्रीनवर तातोबांचंच पान उघडं होतं. सराव गुणांक एकेचाळीस. सलग तीन महिने गुणांक साठच्या खाली राहिला की पाय काढून घ्यायचा आणि यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा, असा हे पाय वाटणाऱ्या सरकारी योजनेचा नियम होता. तातोबांचा तिसरा महिना सोमवारी भरत होता. त्याच दिवशी कंपनीचे संचालक निनाद भोसेकर स्वतः कोल्हापूरच्या या केंद्रात येणार होते आणि ज्यांचे पाय परत घ्यायचे त्यांची यादी त्यांच्यासमोर वाचली जाणार होती. तातोबांच्या पानाच्या तळाशी एक शेरा होता, 'रुग्ण सराव टाळतो.' जानेवारीत एकदा, फेब्रुवारीत एकदा. दोन्ही वेळा तो रेहानानेच टाइप केला होता.

तातोबांना तो शेरा ठाऊक नव्हता. ते सुभाषनगरात चाळीस वर्षं कोल्हापुरी चपला करत आलेले गृहस्थ. अठ्ठावन्नाव्या वर्षी हायवेवर एका ट्रकने त्यांचा उजवा पाय मांडीतून नेला आणि तेव्हापासून त्यांची चामडं कापायची रापी भिंतीला टांगलेली होती. चप्पल खुर्चीत बसून होत नाही. जमिनीवर बैठक मारायची, एका पायाची टाच चामड्यावर रोवायची आणि दुसऱ्या पायाच्या गुडघ्याचा रेटा देत चामडं ताणायचं, तेव्हा कुठे वादी ओढून बसते. दोन पाय लागतातच. मुलाने दुकानात गल्ल्यावर बसा म्हणून सांगितलं, त्यावर ते आठ दिवस मुलाशी बोलले नव्हते. हा नवा पाय येणार म्हणताना त्यांनी रापीला धार लावून ठेवली होती. आणि आता तीन महिने झाले तरी हा पाय जमिनीवर बसू देत नव्हता.

हा पाय म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. पूर्वीचा कृत्रिम पाय म्हणजे टेकू, माणूस त्याला ओढत न्यायचा. हा पाय स्वतः चालायचा. पाऊल उचलायचं मनात आलं की मांडीच्या उरलेल्या स्नायूंमध्ये विजेची बारीकशी लहर उठते. पायाच्या वरच्या कडीतल्या पट्ट्या ती लहर टिपत आणि पाऊल जमिनीला टेकायच्या आत गुडघा किती वाकवायचा, टाच कशी ठेवायची, बोटांनी जमीन कशी मागे लोटायची हे पायातलं सॉफ्टवेअर ठरवत असे. पण सगळी माणसं एकसारखी चालत नाहीत. कुणी टाच आपटतं, कुणी चवड्यावर पुढे झुकतं, कुणाचं पाऊल आत वळतं. म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र 'चाल फाइल' असायची. रेहाना तीन दिवस खपून ती तयार करायची. उंची, वजन, पावलांतलं अंतर, उभं राहताना भार कुठे येतो, मांडी घालतो का, पाटावर बसतो का, अशी दोनशे चौदा मापं. फाइल पायात भरली की स्क्रीनवर हिरवी खूण उमटायची आणि अक्षरं यायची, 'चाल लागू झाली.' सराव गुणांकही सॉफ्टवेअर चाल फाइलवरूनच काढायचं. फाइलप्रमाणे माणूस चालला तर गुण, नाही चालला तर सराव कमी.

तातोबांच्या फाइलवर रेहानाने एक दिवस जास्तीचा घातला होता. त्यांनी तिला पोत्यावर बैठक मारून, चामड्याचा तुकडा घेऊन, कुठे किती जोर लागतो ते दाखवलं होतं आणि तिने ते सगळं अंशाअंशाने नोंदवलं होतं. तरीही पाय नव्वद अंशांपुढे वाकला की गुरगुरायचा, अडकायचा आणि स्वतःच्या वहीत 'गैरवापर' अशी नोंद करायचा. चालताना तर आणखी तऱ्हा. तातोबांचं पाऊल मुळात थोडं आत वळणारं, आणि हा पाय निघाला की बाहेरच्या अंगाला टाच ठोकत, लांब ढांगा टाकत निघायचा. कंबर धरली होती त्यांची.

"मी जिन्यावनं उतरतोय आन् ह्यो हापिसला निघाल्यागत चालतोय," ते म्हणाले. "पाय परत जाऊ दे, त्याचं काय न्हाई. पर ह्यो माझा न्हाई, एवढं तुमी लिहून घ्या."

रेहानाने हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा आवाज गोड होता. हिरवी खूण आली होती का, असं त्याने विचारलं. आली होती, ती म्हणाली. मग आपल्या बाजूने सगळं बरोबर आहे, असं तो म्हणाला. तिने सांगितलं की तिच्या केंद्रात असे पाय घेतलेली अकरा माणसं आहेत आणि अकराच्या अकरा साठच्या खाली आहेत. तिला वाटलं होतं की हे ऐकून तो दचकेल. उलट त्याला ते पटलंच. त्या भागातल्या रुग्णांत सरावाची मानसिकता कमी असते असं आमचा डेटाही सांगतो, तो म्हणाला, आणि प्रेरणेसाठी एक व्हिडिओ पाठवतो म्हणाला.

तिने फोन खाली ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. चीड त्या पोरग्याची आली होती, पण त्याच्या तोंडचं वाक्य तिने स्वतः तातोबांच्या पानावर दोनदा लिहिलं होतं, हे काही केल्या मनातून जाईना.

तेवढ्यात दारातून तातोबांची हाक आली. ते कुबडी घेऊन बाहेर गेले होते आणि चौकटीला टेकून उभे होते.

"बाई, जरा भायेर या."

गुरुवारी सगळ्यांचा सामुदायिक सराव असायचा. आत गालिचे अंथरलेले, म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता आणि दाराशी दहा जोड ओळीने पडलेले होते. आतल्या माणसांत कागलच्या साखर कारखान्यातला फिटर होता, गडहिंग्लजच्या शाळेतल्या इंदुमती कुराडे बाई होत्या, कबड्डी खेळणारी बावीस वर्षांची पोर होती. तातोबांनी कुबडीच्या टोकाने एकेक चप्पल उलटी केली होती.

आधी त्यांनी धडधाकट पायाच्या चपला दाखवल्या. फिटरची तळाशी सपाट झिजलेली, बाईंची आतल्या कडेने, कबड्डीवालीची चवड्याखाली पार चाळण. दहा माणसांच्या दहा तऱ्हा. मग त्यांनी कंपनीच्या पायातल्या चपला पुढे ओढल्या. उजवा असो की डावा, प्रत्येकीच्या टाचेची बाहेरची कड अंगठ्याएवढ्या कोरीने गेली होती आणि दुसऱ्या बोटाखाली एक बारीक खळगा पडला होता. दहाच्या दहा तशाच. रेहाना आत जाऊन टेबलावरच्या पायातली तातोबांची चप्पल घेऊन आली. तीही तशीच.

"चाळीस वर्सं लोकांच्या झिजलेल्या चपला हातात घेतोय," तातोबा म्हणाले. "सख्ख्या भावाभावांची झीज अशी एकसारखी असत न्हाई. ह्या अकरा चपला एकाच माणसानं झिजवल्यात. आन् त्यो माणूस आमच्यातला न्हवं."

रेहाना त्या चपलांकडे पाहत राहिली. तिने अकरा वेगवेगळ्या फाइली केल्या होत्या. मग ही एकच चाल आली कुठून?

ती आत गेली आणि आजवर न केलेली गोष्ट करायला बसली. पायात भरायचं सॉफ्टवेअर कंपनीकडून एका सीलबंद पॅकेजमध्ये यायचं. ते उघडून पाहणं करारात सक्त मना होतं. उघडलं की नोकरी गेली. पण मना असलं तरी अवघड नव्हतं. पॉलिटेक्निकमध्ये शिकलेल्या कुणालाही जमलं असतं.

सॉफ्टवेअर म्हणजे एक फाइल नसते, शेकडो असतात. लिहिणारा त्यांच्यावर काम करतो तेव्हा त्या त्याच्या संगणकावर सुट्या पडलेल्या असतात. पाठवायची वेळ आली की त्या सगळ्यांचं एक गाठोडं बांधतात. प्रोग्राम कसा वागावा हे सांगणाऱ्या सेटिंगच्या फाइलीही बऱ्याचदा त्याच गाठोड्यात जातात. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या सेटिंग माणसागणिक बदलायच्या, त्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि प्रोग्रामला आधी बाहेर पाहायला शिकवावं लागतं. इथे ते शिकवलेलं नव्हतं. रेहाना भरत होती ती फाइल पायाच्या स्मृतीत नीट जाऊन बसत होती, पण गाठोड्याच्या बाहेर. आणि गाठोड्याच्या आत अगदी त्याच नावाची दुसरी एक फाइल आधीच बांधलेली होती. घरात आणि अंगणात एकाच नावाची दोन माणसं असावीत आणि हाक मारल्यावर दर वेळी घरातल्यानेच ओ द्यावी, तसं चाललं होतं. अंगणातला तीन महिने ताटकळत उभा होता.

लिहिणाऱ्याच्या टेबलावर ही चूक कधीच दिसली नसणार. तिथे गाठोडं बांधलेलंच नव्हतं, आत-बाहेर असा भेद नव्हता, त्याने फाइलमध्ये आकडा बदलला की पाय बदललेला दिसायचा. त्याने समाधानाने गाठोडं बांधलं आणि पाठवून दिलं. फाइल वाचली गेली नाही तर प्रोग्रामने थांबावं, बोंब मारावी, एवढी तरी सोय हवी होती. पण प्रोग्रामच्या दृष्टीने फाइल मिळालीच होती. आणि ती हिरवी खूण फक्त एवढंच सांगत होती की फाइलची नक्कल नीट झाली. ती वाचली कुणी, हे कुणी विचारतच नव्हतं.

रेहानाने आतली फाइल उघडली. उंची एकशे ब्याऐंशी. वजन अठ्ठ्याहत्तर. टाच, बाहेरची कड. रेटा, दुसरं बोट. अनवाणी चालणे, नाही. जमिनीवर बसणे, नाही. सगळ्यात वर कुणीतरी स्वतःच्या आठवणीसाठी एक ओळ लिहून ठेवली होती, 'नि. भो. यांची चाल. प्रात्यक्षिकापुरती. पाठवण्याआधी काढणे.'

भिंतीवर सोमवारच्या स्वागताचा फलक लागला होता. त्यावर हात जोडून हसणाऱ्या माणसाचं नाव ठळक अक्षरांत होतं. निनाद भोसेकर.

राज्यभरात असे अकरा हजार पाय होते. अकरा हजार माणसं एका माणसाच्या चालीने चालत होती, आणि त्यांना त्याच्यासारखं चालता येत नाही म्हणून त्यांना आळशी ठरवून त्यांचे पाय काढून घेतले जात होते. रेहानाच्या अंगाचा तिळपापड झाला. जाब विचारावा तर सुरुवात स्वतःपासूनच करायला हवी, हेही तिला कळत होतं.

तिने तातोबांना आत बोलावलं, सगळं समजावून सांगितलं आणि मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवून शेरा दाखवला. दोन्ही वेळचा. मी लिहिलाय मामा, असं ती म्हणाली.

तातोबांनी अक्षरं सावकाश वाचली.

"म्हंजे मी तुमाला सांगत हुतो, ह्यो माझा न्हाई म्हणून, तवा तुमी ती हिरवी खूण बघत हुता?"

रेहानाने मान हलवली. खोडा मग ते, असं ते म्हणाले. तिने सांगितलं की सिस्टिममध्ये शेरा खोडायची सोय नाही, फक्त नवा घालता येतो. पाय अडल्यावर ते चिडले नव्हते एवढे यावर चिडले. त्यांच्या घरी गिऱ्हाइकांच्या पावलांचे आखलेले कागद पेटीभर होते. प्रत्येक कागदावर नाव, आणि माप चुकलं तर त्यावर काट मारून शेजारी बरोबर माप, त्याच कागदावर, म्हणजे चूक कुणाची ते पोरासोरालाही कळावं. तुमच्या एवढ्या मोठ्या यंत्राला एक काट मारता येत नाही, असं ते दोन-तीनदा बोलले. मग म्हणाले की हा पाय माझ्या मापाने कसा चालतो ते आता दाखवाच.

केंद्रात दुरुस्तीसाठी एक सोय होती. पायाचं सील न तपासता त्याला तासभर चालवता यायचं, तेही केंद्राच्या चार भिंतींतच, मग तो आपोआप कंपनीच्या मूळ पॅकेजवर परत जायचा. शुक्रवारी सकाळी रेहानाने पॅकेजमधून आतली फाइल काढून टाकली, गाठोडं पुन्हा बांधलं, तातोबांच्या पायात भरलं आणि त्यांना दोन दांड्यांच्या मधे उभं केलं. स्वतः मागे, हात पुढे धरून. प्रोग्रामने हाक मारली, घरात कुणी नव्हतं, तेव्हा पहिल्यांदाच अंगणातल्याने ओ दिली.

तातोबांनी एक पाऊल टाकलं आणि थांबले. पाऊल थोडं आत वळलं होतं. त्यांनी दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. मग दांडी सोडून ते सरळ गालिच्यापर्यंत गेले, गुडघा वाकवला आणि खाली बसले. पाय गुरगुरला नाही. ते तसेच मान खाली घालून बसून राहिले आणि रेहानाने खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण तिचेही डोळे भरून आले होते.

थोड्या वेळाने त्यांनी पिशवी मागितली. तीत रापी, चामडं टोचायची आरी आणि एक अर्धवट जोड होता. अपघाताच्या आदल्या दिवशी तो हातावेगळा करायचा राहून गेला होता. ज्याने सांगितला होता तो माणूस केव्हाच दुसरीकडून घेऊन मोकळा झाला होता. आठ नंबरचा, अरुंद पंजाचा जोड. शुक्रवारी तासभर, शनिवारी तासभर आणि सोमवारी सकाळी तासभर बसून तातोबांनी तो पुरा केला. तास संपला की पाय आपोआप भोसेकरांचा व्हायचा आणि ते तो काढून ठेवायचे.

मधल्या वेळात काय करायचं यावर दोघांचं बोलणं झालं. पॅकेज उघडल्याचं सांगितलं की कंपनी म्हणणार, हिनेच त्यात ढवळाढवळ केली. नावाची अक्षरं काय, कुणाचीही असतील. रेहानाला मार्ग दिसत नव्हता. तातोबांना त्याची काळजी नव्हती.

"त्यो येणार न्हवं सोमवारी? बूट काढूनच आत यायला लागंल," ते म्हणाले.

भोसेकर आले ते अकरा वाजता. उंच, सडसडीत माणूस, बोलायला मोकळा. दाराशी नियमाची पाटी वाचून त्यांनी तपकिरी चामड्याचे भारी बूट काढले आणि आत आले. अकरा जण खुर्च्यांवर बसले होते. भोसेकरांनी छोटंसं भाषण केलं. तंत्रज्ञान गाव पाहत नाही, जात पाहत नाही, आमचा पाय प्रत्येकाला सारखंच वागवतो, असं ते म्हणाले. हे बोलताना त्यांना स्वतःचं कौतुक वाटत होतं हे उघड दिसत होतं. मग त्यांनी खेदाने यादी हातात घेतली. अकराही नावं होती. पहिलं नाव तातोबा महादू सातपुते.

तातोबा आता पुढच्या खुर्चीवर नव्हते, भाषण चालू असतानाच उठून गेले होते. ते कुबडीवर दारातून आत येत होते आणि त्यांच्या मोकळ्या हातात भोसेकरांचा उजवा बूट होता.

त्यांनी बूट टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर उलटा ठेवला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. कुराडे बाई उठल्या, बाहेर गेल्या आणि आपली चप्पल आणून बुटाशेजारी उलटी ठेवली. मग फिटर, मग कबड्डीवाली, मग बाकीचे. अकरा चपला आणि एक बूट. टाचेची बाहेरची कड अंगठ्याएवढी गेलेली. दुसऱ्या बोटाखाली खळगा. भारी बुटाला झीज कमी होती, एवढाच काय तो फरक.

भोसेकर हसले आणि योगायोग असेल म्हणाले. कुणीच हसलं नाही. त्यांनी पुन्हा खाली पाहिलं. त्यांचं हसू जायला थोडा वेळ लागला. तेव्हा रेहानाने आतल्या फाइलमधली वरची ओळ मोठ्याने वाचली, प्रात्यक्षिकापुरती, पाठवण्याआधी काढणे, आणि खालची मापंही वाचली.

"तुम्ही पॅकेज उघडलंत?" भोसेकरांनी विचारलं.

"हो."

"याचा अर्थ काय होतो, माहीत आहे ना?"

"करार वाचूनच सही केली होती सर. तुम्ही तुमचं पॅकेज वाचलं असतंत तर मला उघडावं लागलं नसतं."

माणूस हुशार होता. फार वेळ न घालवता तो तडजोडीवर आला. पुढच्या महिन्याच्या सुधारणेत हे गुपचूप दुरुस्त होईल. अकराही पाय ज्यांचे त्यांच्याकडे राहतील. बाहेर बोलायचं कारण नाही, विनाकारण लोकांचा तंत्रज्ञानावरचा विश्वास उडेल. आणि शेऱ्याचं म्हणाल तर शेरा काढता येत नाही, सिस्टिममध्ये तशी सोयच नाही.

तातोबांनी कुबडी टेबलाला टेकवली आणि दोन्ही हात कापडावर ठेवले.

"पाय ऱ्हावू दे. तीन म्हैनं मी तुमच्या चालीनं चाललो. कंबर गेली माझी. ह्या पोरीचा खेळ गेला. बाई वर्गात पडल्या, पोरं हसली त्यास्नी. आन् वर आमीच आळशी? माझ्या बापानं, आज्यानं ह्या गावात नाव कमावलंय, का माप घ्यावं तर सातपुत्यानं. आमच्या नावाफुडं लिवलंय ते तुमच्या पायाचं हाय. ते तुमी तुमच्या नावावर घ्या. तवर कुणीबी ह्यो पाय घालणार न्हाई."

भोसेकर पुन्हा सोयीबद्दल काही बोलू लागले, तोवर रेहाना संगणकाशी जाऊन बसली होती. खोडायची सोय नव्हती, पण घालायची होती. तातोबांच्या पानावर जुन्या शेऱ्याच्या खाली तिने लिहिलं, 'वरील शेरा चुकीचा आहे. रुग्णाने सराव टाळला नाही. रुग्णाचे माप पायाने कधी वाचलेच नाही. पाय कंपनीचे संचालक निनाद भोसेकर यांच्या चालीने चालत होता. चुकीचा शेरा मी लिहिला होता. रेहाना मुजावर.' तिने कळ दाबली. हिरवी खूण आली, 'शेरा नोंदला.' तो त्याच क्षणी राज्यातल्या प्रत्येक केंद्राला आणि योजनेच्या सरकारी समितीला दिसू लागला. ती पुढच्या माणसाच्या पानावर गेली; तसाच शेरा तिथेही होता.

भोसेकरांचा आवाज पहिल्यांदा चढला. उद्या तुम्ही या खुर्चीत नसाल, ते म्हणाले.

"उद्याचं उद्या," ती मागे न पाहता म्हणाली. "अजून दहा राहिलेत."

ती लिहीत असताना कुराडे बाईंनी परत घ्यायच्या पायांची यादी भोसेकरांसमोर ठेवली आणि वर्गात वापरतात त्या आवाजात सांगितलं की तिच्यावर रद्द असं लिहून सही करावी. फिटरचा फोन मघापासून चित्रण करत होता. भोसेकरांनी तो पाहिला, पेन काढलं आणि सही केली. राज्यातली पायांची वसुली सुधारणा होईपर्यंत थांबवल्याचंही बाईंनी त्यांच्याकडून खाली लिहून घेतलं, तारखेसकट.

अकरावा शेरा नोंदवून रेहाना उठली. समितीकडे पुरावा म्हणून चपलांबरोबर बूटही पाठवावे लागतील, असं तिने सांगितलं. भोसेकरांना तिथून कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं.

"ठेवा," ते म्हणाले. "असे दहा जोड आहेत माझ्याकडे."

ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यात थांबले. मार्चचं ऊन होतं, आवार डांबरी होतं आणि गाडी फाटकाबाहेर उभी होती. अनवाणी चालणे, नाही. रेहानाला ती ओळ आठवली.

तातोबा त्यांच्या मागोमाग आले होते. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून तो जोड काढला, नवाकोरा, तेल लावलेला, आणि वाकून भोसेकरांच्या पायांपुढे नीट जुळवून ठेवला. भोसेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि पाय घातले. आठ नंबर अरुंद पंजा, आणि घालणाऱ्याचा पाय दहाचा. टाच मागून चांगली दोन बोटं बाहेर राहिली. चार पावलांतच कातड्याच्या कडेने अंगठा धरला आणि ते लंगडू लागले. आवाराच्या मध्यावर ते थांबले, एका हाताने गुलमोहराला धरलं आणि अंगठा मोकळा करू लागले.

अकराही जण दारात उभे राहून पाहत होते. हसलं कुणी नाही. तातोबांनी कुबडी पुढे रोवली आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात सांगितलं, "माप बरोबर हाय, सायेब. सराव कमी पडतोय."